रविवारची वाट

"आठवडाभर ऑफिसात मान मोडून काम करतोस आणि रविवारी डोंगरावर दगड उचलायला जातोस? त्याचे पैसे तरी मिळतात का रे?" आमच्या डोंबिवलीच्या मावशीचा हा प्रश्न गेली काही वर्षं दर दिवाळीला ठरलेला आहे. मी उत्तर द्यायला लागलो की फराळाचं ताट पुढे येतं आणि विषय चकलीच्या भाजणीवर जातो. ब्लॉगवरच्या मित्रांनीही दोन-तीनदा विचारलंय की हे "वाट बांधणं" म्हणजे नक्की काय? डोंगरात वाटा असतातच की, त्या बांधायच्या कशाला? तर म्हटलं, एकदा सविस्तर लिहून टाकू. मावशी हे वाचते (म्हणजे तिचा नातू वाचून दाखवतो), आणि इथे चकलीचा अडथळा नाही. :-)

भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग, गोदामं आणि ट्रॅफिक आठवतं. मी स्वतः एका गोदामात हिशेब बघतो, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. पण याच तालुक्यात एक किल्ला आहे हे भिवंडीतल्याच कित्येकांना माहीत नसतं. गुमतारा. कुणी त्याला घोटवड्याचा किल्ला म्हणतं, कुणी दुगाडचा. भिवंडी-वाडा रस्त्यावरून दुगाड फाट्याला वळायचं, की समोर जंगलात बुडालेला डोंगर दिसतो. उंची सुमारे १९०० फूट. वर दरवाजाचे अवशेष, पडका तट आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. पलीकडे वज्रेश्वरी. वसईच्या विजयानंतर १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी नवस फेडायला जे देऊळ बांधलं, ते तिथेच. आणि डिसेंबर १७८० मध्ये इंग्रज वसईला वेढा घालून बसलेले असताना कर्नल हार्टलीच्या फौजेशी याच दुगाडच्या परिसरात लढाई झाली. मराठ्यांचे सेनापती रामचंद्र गणेश तिथे पडले. शाळेच्या पुस्तकात हे आम्हाला कधी भेटलं नाही. असो.

आता वाटेकडे येतो.

आपला सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. काही थर कठीण, काही मऊ. कठीण थराचा कडा होतो, मऊ थराचा मुरमाड उतार होतो. दोन थरांच्या मध्ये कधीकधी तांबड्या गेरूसारख्या मातीचा पट्टा असतो. तुम्ही ट्रेकला जाता तेव्हा जिथे पाय घसरतो, दोन्ही हातांनी कारवी धरावी लागते आणि मागून येणारा "दगड! दगड!" म्हणून ओरडतो, ती जागा बहुतेक वेळा याच मऊ थराची असते. त्यात आमच्याकडे पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एवढं पाणी उतारावरून खाली जाणार म्हणजे त्याला रस्ता लागणार. पायवाट तासलेली असते, मोकळी असते, खोलगट असते. पाण्याला आयता रस्ता! पहिल्या वर्षी बोटभर चर पडते, दुसऱ्या वर्षी वीतभर, आणि चार-पाच पावसाळ्यांत वाटेची घळ होते. मग माणसं घळीच्या कडेने चालू लागतात, तिथली माती सुटते आणि शेजारी दुसरी घळ होते.

यात भर आपल्यासारख्यांची. जुनी वाट वळणं घेत जाते. ती ज्यांनी पाडली त्यांना डोक्यावर मोळी किंवा हंडा घेऊन रोज चढायचं होतं, म्हणून त्यांनी उताराला तिरकं जाणं पसंत केलं. रविवारी येणाऱ्याला मात्र घाई असते. तो दोन वळणांच्या मधून सरळ वर घुसतो. त्याच्या मागून पन्नास जण. पुढच्या पावसात त्या सरळ रेषेचा ओढा झालेला असतो.

आमचा गट २०१८ मध्ये जमला. नाव-बिव काही नाही, पावतीपुस्तक नाही, टी-शर्टही नाहीत. त्यात गोदामातले दोघं, एक यंत्रमागाचा मेकॅनिक, एक शाळेतले शिक्षक, एक औषधाच्या दुकानवाला, कॉलेजची पाच-सहा मुलं-मुली आणि दुगाडच्या बाजूच्या एका पाड्यावरचे चार-पाच जण. जमीन वनखात्याची, त्यामुळे आधी जाऊन परवानगी घ्यायची. झाड तोडायचं नाही, सिमेंट न्यायचं नाही, किल्ल्याच्या जुन्या बांधकामाचा एकही दगड हलवायचा नाही, हे तेव्हाच ठरलं. हंगाम दिवाळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंत. सकाळी साडेसहाला काम सुरू, साडेअकराला बंद. त्यानंतर कातळ इतका तापतो की हातमोज्यातूनही चटका बसतो. हत्यारं म्हणाल तर तीन पहारी, चार टिकाव, फावडी, घमेली, एक घण, कोयते. दगड उचलायच्या आधी तो पहारीने आपल्या बाजूला उलटायचा, म्हणजे खाली विंचू किंवा फुरसं असेल तर ते पलीकडे पळतं. हा नियम पाड्यावरच्या मंडळींनी पहिल्याच दिवशी शिकवला आणि तो आजवर कुणी मोडलेला नाही.

माझा भाचा अमेरिकेत ॲरिझोनात असतो. तो तिथे डोंगरात सायकल चालवतो. गिअरवाली, जाड टायरची माउंटन बाइक. एकदा त्याने फोटो पाठवला. खडकाळ उतार, निवडुंग, डोक्यावर हेल्मेट आणि हातात टिकावासारखं काहीतरी. खाली लिहिलं होतं, "मामा, मी पण तुझंच काम करतोय!" तेव्हा कळलं की तिकडे सायकलींच्या वाटासुद्धा मोठ्या प्रमाणात स्वयंसेवकच बांधतात. १९८८ मध्ये त्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना निघाली आणि २००४ मध्ये तिने वाटा कशा बांधाव्यात याचं जाडजूड पुस्तकच काढलं. त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ असलेलं 'पुलास्की'. पुलास्की हा जंगलातल्या आगी विझवणारा एक रेंजर होता, त्याच्या नावावरून. मग आमचं रविवार रात्रीचं बोलणं सुरू झालं. त्याची सकाळ, माझी रात्र.

त्याने सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. तिला ते 'निम्म्याचा नियम' म्हणतात. डोंगराचा उतार जेवढा असेल त्याच्या निम्म्यापेक्षा वाटेचा चढ जास्त नको. समजा डोंगर असा आहे की दहा फूट आडवं गेलं की चार फूट चढावं लागतं, म्हणजे ४० टक्के. तर वाट २० टक्क्यांच्या आतच हवी, आणि सगळ्या वाटेची सरासरी दहाच्या आसपास. का? तर वाट निम्म्यापेक्षा जास्त चढी झाली की ती डोंगराच्या उताराच्याच दिशेला वळते आणि पाणी तिला ओलांडून खाली जाण्याऐवजी तिच्यातूनच वाहायला लागतं. दुसरं म्हणजे वाटेचा बाहेरचा काठ आतल्या काठापेक्षा किंचित खाली ठेवायचा. तीन फुटी वाटेला जेमतेम पावणेदोन इंच. आणि तिसरं, चढत जाणारी वाट अधूनमधून चार पावलं उतरवायची, म्हणजे आत शिरलेलं पाणी त्या खोलगटात येऊन बाहेर पडतं.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने पाड्यावरच्या एका बाबांना सांगितलं. वय सत्तरीच्या पुढे, अंगावर बनियन आणि कमरेला कोयता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मला जुन्या वाटेवर घेऊन गेले आणि दाखवलं, इथे वाट उतरते बघ, इथे पुन्हा चढते, इथे बाहेरच्या बाजूला दगड नाही मुद्दाम. सगळंच होतं तिथे! आणि म्हणाले, "मानूस सांगितलं तर वाट बदलतो. पानी नाय बदलत. म्हनून आदी पान्याला इचारायचं." हे वाक्य मी भाच्याला पाठवलं. त्याने ते तिकडच्या मंडळींना भाषांतर करून सांगितलं म्हणे.

चढ मोजायचा कसा? आमच्यातले शिक्षक मूळचे कोरेगाव तालुक्यातले. २०१६ मध्ये वॉटर कपच्या श्रमदानात त्यांच्या भागात समतल चर खणायला ए-फ्रेम वापरायचे. तीच त्यांनी इथे आणली. तीन बांबू, इंग्रजी ए सारखे बांधलेले, आणि वरच्या टोकाला दोरीला टांगलेला दगड. दोन्ही पाय एका पातळीत असले की दोरी आडव्या बांबूच्या मध्यावर येते. दोन पायांत पाच फूट अंतर ठेवलं आणि एका पायाखाली सहा इंचांचा दगड घातला, की दोरी जिथे येते तिथे खूण करायची. झाला दहा टक्क्यांचा चढ! खर्च शून्य. कॉलेजची मुलं मोबाइलवर चढ मोजतात, पण ऊन पडलं की स्क्रीन दिसत नाही आणि बांबू दिसतो.

मग खरं काम. उतारात आडवी पायरी कापायची, म्हणजे वाट भरावावर न बसता कापलेल्या घट्ट जमिनीवर बसते. जिथे मऊ थर आहे तिथे खालच्या अंगाला दगडाचा गडगा रचायचा. सर्वांत मोठे दगड तळाला, जमिनीत गाडून, डोंगराकडे झुकलेले. दगडाची लांब बाजू आत, आखूड तोंड बाहेर. (नवखा माणूस हमखास उलटं करतो, कारण लांब बाजू बाहेर ठेवली की भिंत पटकन लांबते आणि छान दिसते.) खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड आला पाहिजे. फटी कपच्यांनी ठासायच्या. सिमेंट नसतं हेच चांगलं, कारण मागचं पाणी फटींतून निघून जातं. सिमेंटच्या भिंतीमागे पाणी साठतं आणि एक दिवस भिंतच ढकलून देतं.

आमचा कातळ जड असतो. दोन फूट लांब आणि फूटभर रुंद-जाड दगडाचं वजन दीडशे किलोच्या पुढे भरतं. तो उचलायचा नसतो, पहारीने चालवायचा असतो. एकाने पहार घालायची, दुसऱ्याने खाली कपची सरकवायची, पुन्हा पहार. असा एक दगड वीस फूट आणायला चार माणसांना अर्धा तास लागतो. बारा-पंधरा माणसं पाच तासांत तीस-चाळीस फूट वाट करतात, तीही जमीन मेहेरबान असेल तर. सोमवारी मी गोदामात येतो तेव्हा रस्त्यावर मुरुमाचे डंपर लागलेले असतात. भातखाचरं भरून त्यावर नवी गोदामं उभी राहतात, आणि भरावाचा मुरूम जवळपासच्या टेकड्यांचा. पोकलेन एका आठवड्यात टेकडीचा कान कापते. आमची एका हंगामाची वाट तेवढ्यात संपून जाईल. हा हिशेब मी फार करत नाही, कारण माझा पगारही त्याच भरावावरून येतो.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं थांबलं. दोन पावसाळे आम्ही वर गेलोच नाही. त्यानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा गडगे जसेच्या तसे होते. एकच दगड निखळला होता. पण वाट दिसत नव्हती! गवत, कारवी आणि घाणेरी इतकी माजली होती की आपणच रचलेली भिंत हाताने चाचपून शोधावी लागली. पाड्याकडे जाणारा खालचा टप्पा मात्र स्वच्छ होता, कारण तिथे लॉकडाउनमध्येही रोज माणसं जात-येत होती. सरपणाला, रेशनला, दवाखान्याला.

इथेच गटातल्या वादाला तोंड फुटलं असं मला वाटतं, जरी तो वाद प्रत्यक्षात २०२३ मध्ये झाला.

झालं असं. तोवर आम्ही किल्ल्याकडे जाणारी वाट जवळजवळ माथ्याखालच्या कातळापर्यंत आणली होती. शेवटचा तीनेकशे फुटांचा टप्पा उरला होता, सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत दिसणारा. तो झाला की कुणीही घरचं माणूस वर जाऊ शकलं असतं. कॉलेजच्या मुलांना तोच करायचा होता आणि त्यात चूक काहीच नव्हतं. पाच वर्षं ज्या माथ्याकडे बघत दगड वाहिले तो हाताशी आला होता. पण पाड्यावरच्या मंडळींनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. पाड्यापासून खालच्या डांबरी रस्त्यापर्यंतच्या वाटेत एक ओढा आणि त्यापुढे एक घसाऱ्याचा पट्टा आहे. पावसात तो पट्टा सुटतो. आजारी माणूस खाली न्यायचा तर चादरीची झोळी बांबूला बांधून चौघांनी न्यायची, आणि त्या पट्ट्यात चौघांना एकत्र पाय ठेवायला जागाच नाही. "या वर्षी खालची करा," एवढंच ते म्हणाले.

एकाने विचारलं, की हे आपलं काम आहे का? रस्ता देणं हे सरकारचं काम. आपण दगड रचून दिले तर मागणीच मागे पडेल. मुद्दा खरा होता. दुसरी म्हणाली, आपण किल्ल्यासाठी जमलोय, उद्या प्रत्येक पाडा म्हणेल आमचंही करा. हेही खरंच होतं. आवाज चढले. आमच्या मेकॅनिकने चहाचा कप जोरात आपटला (स्टीलचा होता, काही झालं नाही).

त्या वर्षीच्या जुलैची गोष्ट सगळ्यांच्याच डोक्यात होती. १९ जुलै २०२३ ची रात्र. इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. वर जायला पावसात निसरडी पायवाट, तासाभराची चढण. यंत्रं वर नेता आली नाहीत. बचावाला आलेल्यांनी टिकाव-फावडी हातात घेऊन चढून जावं लागलं, आणि आधी पोचलेल्यांत आसपासचे डोंगर ओळखणारे ट्रेकर होते. चढताना एका अग्निशमन अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. चांगली वाट असती तर दरड थांबली नसती, हे स्पष्टच आहे. पण त्या रात्री जगाचा आणि वाडीचा संबंध तेवढ्या एका पायवाटेपुरता उरला होता. वाट नसली की मदत म्हणजे फक्त इच्छा.

मला इतिहासातलं एक आठवलं आणि ते मी बोललो. १८१८ मध्ये इंग्रजांनी आपले किल्ले निकामी केले तेव्हा अनेक ठिकाणी तट पाडत बसले नाहीत. नाशिक भागात कॅप्टन ब्रिग्जने वाटाच उडवल्या. अलंग-मदनला कातळातल्या पायऱ्या सुरुंगाने तोडल्याच्या खुणा आजही दिसतात. वाट गेली की किल्ला आपोआप मेला. आणि उलट नाणेघाट बघा. सातवाहनांच्या काळातली दगड बसवलेली वाट, दोन हजार वर्षं झाली, तरी आपण जुन्नरला त्यावरून चढतो. ती राजाच्या नावापेक्षा बैलांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पायांनी टिकली. रोजची गरज होती म्हणून. माझं मत मी सांगून टाकलं, की मला खालची वाट आधी करावीशी वाटते. वरची वाट आमच्या रविवारची आहे, खालची त्यांच्या सोमवारची.

एकमत झालं नाही. मतदान झालं आणि खालची वाट दोन मतांनी जिंकली. कॉलेजची तीन मुलं त्या हंगामात आली नाहीत. मला त्यांचा राग आला नाही, पण त्यांची जागा रिकामी वाटायची. त्यातला एक जण घण असा मारायचा की दगड त्याला पाहूनच फुटावा.

रस्त्याच्या मागणीचा मुद्दा शिक्षकांनी सोडला नाही. वनहक्क कायदा २००६ मध्ये एक तरतूद आहे, कलम ३(२). शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, रस्ता अशा गावाच्या सोयींसाठी वनजमीन देता येते. एका सोयीला एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडली जाणार नसतील तर, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. त्यांनी पाड्यावर बसून हे समजावून सांगितलं, आणि ग्रामसभेत ठराव झाला. अर्ज पुढे गेला आहे. आमचं म्हणणं एवढंच, की कागद चालेल त्याच्या वेगाने, तोवर पाऊस थांबणार नाही.

नोव्हेंबर २०२३ ते मे २०२४. ओढ्यात मोठे सपाट दगड बसवून फरशी केली, म्हणजे पाणी वरून जातं आणि माती जात नाही. घसाऱ्याच्या पट्ट्यात ऐंशी फूट गडगा. वाट इथे तीन फुटांची न ठेवता साडेचार फुटांची केली, झोळीचा बांबू खांद्यावर घेऊन दोन-दोन माणसं शेजारी चालली पाहिजेत म्हणून. हे माप आम्ही एका मुलाला खरोखर झोळीत घालून, फिरवून घेतलं. तो सगळा वेळ हसत होता. बाबांनी दोन ठिकाणी आमची आखणी बदलायला लावली. ए-फ्रेम बरोबर होती, पण ते म्हणाले, इथे पाणी श्रावणात वरून येतं, आता दिसणार नाही. बदललं.

जूनच्या शेवटी पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा आम्ही चौघं मुद्दाम भर पावसात बघायला गेलो. वाट बांधणाऱ्याने आपली वाट पावसात चालत्या पाण्याबरोबर बघावी, हे भाच्याकडचंही सांगणं. बाबांनी सांगितलेल्या दोन्ही जागी वरून पाणी येत होतं आणि वाट ओलांडून शांतपणे खाली जात होतं. मी छत्री मिटून तिथे बराच वेळ उभा राहिलो. गढूळ पाणी आपल्या पायाजवळून आडवं जातंय आणि वाटेवरची माती तशीच आहे, हे बघण्यात काय सुख आहे ते मावशी, तुला चकली बिनचूक कडकडीत झाल्यावर होतं ना, तसं.

ऑगस्टमध्ये पाड्यावरून फोन आला. एका आजींचा पाय मोडला होता. रात्रीची वेळ, पाऊस धो धो. त्यांना झोळीतून रस्त्यापर्यंत आणलं. आधी ज्या वाटेला दीड तास लागायचा तिथे पाऊण तास लागला आणि कुणी पडलं नाही. आम्ही कुणीच तिथे नव्हतो. आम्हाला हे दुसऱ्या दिवशी कळलं. त्या हंगामात न आलेल्या तीन मुलांपैकी दोघं दिवाळीनंतर परत आले. बोलले काही नाहीत, टिकाव घेतला आणि कामाला लागले.

आणि एक गंमत. वाट झाल्यावर तिच्यावरून पहिली सायकल गेली ती पाड्यावरच्या आठवीतल्या एका मुलाची. बिनगिअरची, चेन सुटणारी, मागच्या कॅरिअरला रेशनच्या तांदळाची पिशवी बांधलेली. चढाला तो उतरून ढकलत होता आणि ओढ्यापलीकडे पुन्हा चालवत होता. मी व्हिडिओ काढून भाच्याला पाठवला. त्याचा प्रश्न आला, "ब्रेक कुठले आहेत?" मी मुलाला विचारलं. त्याने पायातली चप्पल दाखवली. आता त्याची मागणी आहे की घसाऱ्याच्या पुढचं शेवटचं वळण जरा मोठं करा, सायकल एका दमात वळत नाही. भाच्याने वळणाची त्रिज्या काढून पाठवली आहे. बाबांचं म्हणणं आहे की मोठं वळण केलं तर पाणी आत शिरेल. दोघांचं अजून जमलेलं नाही.

पुढचा हंगाम दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सुरू होईल. ते वळण, आणि मग वरचा राहिलेला तीनशे फुटांचा टप्पा. ज्यांना यायचंय त्यांनी कळवा. हातमोजे स्वतःचे आणा, पाणी तीन लिटर, आणि पायात बूट. डबा आणलात तर वाटून खायची तयारी ठेवा. पैसे मिळत नाहीत, मावशी.